किती पाण्यात?

एखाद्या माणसाची खरी योग्यता उघडकीस आली म्हणजे आपण मराठीत म्हणतो, ‘तो किती पाण्यात आहे ते कळले.’ हा वाक्प्रचार मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. कचेरीतील वरिष्ठांविषयी बोलताना तर मी तो सढळ हाताने वापरलेलाही आहे. परंतु त्यातील ‘किती पाण्यात’ या दोन शब्दांचा जाब एके रात्री मलाच द्यावा लागेल, आणि त्यांचा अर्थ पुढे एका शाळकरी मुलीकडून शिकावा लागेल, अशी कल्पना माझ्या मनाला कधी शिवली नव्हती.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदली ही ऋतूंइतकीच अटळ असते. तीन वर्षांपूर्वी तिने मला वाराणसीस आणून सोडले. शिंदे घाटाच्या वरच्या अंगाला, संकटादेवीच्या देवळाजवळच्या एका अरुंद गल्लीत, पिढ्यान् पिढ्या काशीत राहिलेल्या एका मराठी कुटुंबाच्या घरात आम्हांला दोन खोल्या मिळाल्या. घरमालकांनी ऐंशी ओलांडली आहे. सगळी गल्ली त्यांना आजोबा म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. त्यांची मराठी जुन्या पोथीसारखी आहे, आणि नववीत शिकणाऱ्या त्यांच्या नातीची मराठी हिंदीच्या पाण्यात चांगली मुरलेली आहे. घराच्या गच्चीवर उभे राहिले की समोर गंगा दिसते. उजव्या हाताला मणिकर्णिकेचा धूर रात्रंदिवस चालू असतो, आणि खाली पायऱ्यांशी ते कललेले देऊळ असते.

या घाटाची हकीकत आजोबांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली. दौलतराव शिंदे १८२७ साली निवर्तले. त्यानंतर काही वर्षे ग्वाल्हेरचा कारभार पाहणाऱ्या बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधविला. काम इतके भव्य आणि वजनदार झाले की काठच्या जमिनीला तो भार पेलवला नाही. बांधकाम खचले आणि पाण्याकडे गेले. १९३७ च्या सुमारास तो पुन्हा बांधून काढण्यात आला. पायथ्याचे रत्नेश्वर महादेवाचे देऊळ मात्र आजही एका अंगाला झुकून उभे आहे. त्याचा गाभारा वर्षातील कितीतरी दिवस पाण्यात असतो आणि पूर ओसरला की गाळाने भरलेला असतो. कोणा मुलाने आईसाठी हे देऊळ बांधले आणि ‘मी तुझे ऋण फेडले’ अशी बढाई मारली, त्याबरोबर ते कलले, अशी लोककथा आहे. म्हणून त्याला मातृऋण महादेव असेही म्हणतात. मला ही कथा तेव्हा नुसती गोड वाटली होती. आपल्याला सगळे कळते अशी बढाई मारणाऱ्याला तिच्यात काही घेण्यासारखे आहे, हे पुढे उमगले.

गेल्या कार्तिकातील गोष्ट. पूर ओसरून गेला होता, पायऱ्यांवरचा गाळ पंपाच्या पाण्याने धुऊन नदीत लोटण्याचे काम संपत आले होते, आणि पंचगंगेकडे संध्याकाळी बांबूंच्या टोकांना आकाशदिवे लागत होते. दिवाळीची सुटी होती. एके सकाळी आजोबांची नात पाच काचेचे पेले, कोऱ्या पांढऱ्या कागदांचा गठ्ठा आणि कागदाची एक लहानशी पुडी घेऊन गच्चीवर आली. पुडीत पोटॅशियम परमँगनेट होते. इथे त्याला ‘लाल दवा’ म्हणतात, आणि आजी ते भाजी धुण्याच्या पाण्यात घालतात. शाळेत हा प्रयोग बाईंनी करून दाखविला होता. परंतु चाळीस मुले एका टेबलाभोवती, आणि ही मागच्या रांगेत. “वहीत निरीक्षण लिहिलंय काका, पण मी पाहिलंच नाही,” ती म्हणाली, “न पाहता कसं लिहायचं?” माझ्या नोकरीतील सोळा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही कोणाला विचारला नव्हता. न पाहिलेल्या गोष्टींवर टिपणे लिहिणे यावरच आमचा संसार चालतो. तिने मला कारकुनाच्या जागी बसविले. तिने प्रयोग करायचा आणि मी तक्ता लिहायचा, असे ठरले.

प्रयोग अगदी साधा आहे. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तो वर्षानुवर्षे छापत आला आहे, तो बहुधा पदार्थ किती सूक्ष्म कणांचा बनलेला असतो हे दाखविण्यासाठी. शंभर मिलिलिटर पाण्यात लाल दव्याचे दोन-चार खडे विरघळवायचे. त्यातील दहा मिलिलिटर काढून नव्वद मिलिलिटर स्वच्छ पाण्यात घालायचे. त्यातील दहा पुन्हा पुढच्या नव्वदात. असे करत जायचे आणि रंग कुठवर दिसतो ते पाहायचे.

अडचण दहा मिलिलिटर मोजण्याची होती. चहाच्या चमच्यावर तिचा विश्वास नव्हता. तेवढ्यात पत्नी वर आली. तिने आमची अडचण ऐकली, खाली गेली, आणि कपाटातून एक सुई नसलेली सिरिंज आणून माझ्यापुढे ठेवली. बरोबर दहा मिलिलिटरची. ती सिरिंज मी ओळखली. मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही.

मुलीने पहिल्या पेल्यात चार खडे सोडले. प्रत्येक खड्यामागून एक जांभळा दोरा खाली उतरला, तळाशी जाऊन पसरला आणि हळूहळू वर चढू लागला. ढवळल्यावर पेला इतका गडद झाला की पलीकडचे बोट दिसेना. दुसऱ्या पेल्यातून बोट दिसले, पण जांभळे. तिसरा गुलाबी झाला, देवपूजेतल्या गुलाबासारखा स्वच्छ. चौथ्यात रंग आहे की नाही याविषयी दोघांत मतभेद झाला; मग तिने पेला पांढऱ्या कागदावर ठेवला आणि वरून डोकावून पाहायला सांगितले. तसे पाहिल्यावर एक पुसट छटा दिसली, तीसुद्धा शेजारी साध्या पाण्याचा पेला ठेवला म्हणून. पाचव्यात मात्र काहीच दिसेना. “दिसत नाही म्हणजे नाही असं नाही,” ती म्हणाली, आणि आम्ही हिशेबाला बसलो.

चार खड्यांचे वजन आमच्याजवळ नव्हते. ते वीस मिलिग्रॅम धरून चाललो. म्हणजे पहिल्या पेल्यात २०, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ०.२, चौथ्यात ०.०२ आणि पाचव्यात ०.००२ मिलिग्रॅम. पाचव्यात पहिल्याच्या दहाहजारावा हिस्सा. रसायनशास्त्राच्या हिशेबाने त्या रंगहीन पेल्यातही लाल दव्याचे सुमारे शहात्तर लाख अब्ज कण होते. हा आकडा लिहिताना माझी लेखणी अडखळली. आपल्या डोळ्यांनी ‘निरंक’ असा शेरा मारून जी नस्ती बंद केली असती तिच्यात एवढा ऐवज शिल्लक होता!

येथवर सर्व ठीक चालले होते. मी तक्ता सुवाच्य अक्षरात काढला होता: पेल्याचा क्रमांक, दवा किती, पाणी किती, रंग कसा. नंतर माझ्यातला कारकून जागा झाला. ‘पाणी किती’ या रकान्यात पाचही ओळींत शंभर हाच आकडा येत होता. जो मजकूर सर्वत्र सारखा, त्याला रकाना कशाला? मी पट्टी घेऊन तो रकाना खोडू लागलो. मुलीने माझा हात धरला. “काका, तो नका काढू. नुसती दवा लिहून काय कळणार? किती पाण्यात, ते नको?”

मी पट्टी खाली ठेवली. हाच प्रश्न, याच शब्दांत, मला चार महिन्यांपूर्वी विचारण्यात आला होता. फक्त तो हिंदीत होता.

आषाढातील ती रात्र आहे. आमचा पाच वर्षांचा मुलगा सकाळपासून जुलाब-उलट्यांनी मलूल झाला होता. औषधांच्या दुकानातून मी जलसंजीवनीच्या तीन पुड्या आणल्या. पुडी हे काय असते हे मला ठाऊक होते. कचेरीतील एका सहकाऱ्याने मागे उन्हाळ्यात दिली होती. ती पेलाभर पाण्यात घालून मी प्यालो होतो. ती पुडी लहान होती, दोनशे मिलिलिटर पाण्यासाठीची. मी त्या दिवशी आणलेल्या पुड्या मोठ्या होत्या, एकेक लिटरच्या. हा भेद पुडीवर छापलेला होता. हिंदीत होता आणि इंग्रजीतही होता. परिपत्रकाच्या तळटिपेतील बारीक अक्षर वाचण्याबद्दल ज्याला पगार मिळतो त्या पदवीधर माणसाने ते वाचले नाही. पत्नीने विचारले होते, “पाणी किती घालायचं?” मी म्हणालो, “एक पेला. मला माहीत आहे.”

मुलाने पहिल्या घोटाला तोंड फिरविले. फार खारट होते. मी त्यात साखर घातली. मग सिरिंजने थोडे थोडे करून त्याच्या गालात सोडू लागलो. रात्री अकरापर्यंत दोन पेले संपले, म्हणजे दोन पुड्या, आणि कर्तव्य बजावल्याचे एक समाधानही मला वाटले. एक वाजता तो पाणी पाणी करू लागला. मी त्याला समजाविले की साधे पाणी नको, औषधच प्यायला हवे. तीनच्या सुमारास तो हाकेला नीट ओ देईना.

रुग्णालयातील डॉक्टरांनी काय दिले ते विचारले. मी सांगितले. किती पुड्या? दोन. मग त्यांनी विचारले, “कितने पानी में?” आणि मी, आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या सहजपणे, खोटे बोललो. “जैसा लिखा है,” मी म्हणालो. ते शुद्ध कचेरीतले उत्तर होते. त्यात आकडा नव्हता, जबाबदारीही नव्हती. डॉक्टर मान हलवून पुढे वळले. तेव्हा पत्नी, जिला तोवर हिंदीची एक सरळ ओळ बोलण्याचा संकोच वाटत असे, मध्ये येऊन म्हणाली, “नहीं. एक पुडी एक गिलास में.”

त्यानंतर जे झाले त्याचे सर्व श्रेय त्या वाक्याला आहे. रक्त तपासले, त्यात मीठ फार वाढलेले होते. डॉक्टरांनी मला न रागावता समजाविले, आणि तेच अधिक लागले. आतड्यात गेलेले पाणी रक्तापेक्षा दाट असले तर शरीर ते शोषून घेत नाही. उलट शरीरातलेच पाणी त्या दाटीकडे ओढले जाते. जे थोडे मीठ रक्तात शिरते ते तेथे साचते आणि पेशींतले पाणी बाहेर खेचते. म्हणजे मी मुलाला पाजत होतो आणि तो वाळत होता. उपायही एकदम करता येत नव्हता. रक्त झटकन पातळ केले तर मेंदूला सूज येण्याचे भय असते. म्हणून दोन दिवस सलाइनमधून अगदी सावकाश ते उतरवीत आणले. तिसऱ्या दिवशी त्याने उठून चेंडू मागितला. आम्ही घरी आलो. त्या उत्तराविषयी आम्हां दोघांत पुन्हा एक शब्दही झाला नाही. सिरिंज मात्र पत्नीने टाकून दिली नाही. धुऊन कपाटात ठेवली.

पुढे मी जलसंजीवनीविषयी मिळेल ते वाचून काढले. अपराधी माणूस कायद्याची पुस्तके वाचतो तसे. १९७१ साली बांगला देशाच्या निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते. बनगावच्या छावणीत पटकीची साथ उसळली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा तोलून पुड्या करविल्या, त्या पिंपांतल्या पाण्यात कालवल्या आणि रोग्यांच्या नातेवाइकांकडूनच पेल्यापेल्याने पाजविल्या. शंभरातील सुमारे तीस रोगी दगावत होते, ते प्रमाण चारांच्या खाली आले. १९७८ साली ‘लॅन्सेट’ने या शोधाला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरविले. महालनबिस २०२२ साली वारले. मरणोत्तर पद्मविभूषण त्यांना २०२३ साली मिळाले. ज्या पुडीने लाखो मुले जगली, तिच्याच दोन पुड्यांनी माझे मूल मृत्यूच्या दारापर्यंत नेले. पुडी तीच होती.

या वाचनात मला सर्वांत जास्त खिळवून ठेवले ते मात्र एका लहानशा दुरुस्तीने. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आणि युनिसेफने या पुडीचा घटकमेळ बदलला. लिटरभर पाण्यासाठी पूर्वी साडेतीन ग्रॅम मीठ आणि वीस ग्रॅम ग्लुकोज असे. आता मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. पोटॅशियम क्लोराइड दीड ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम धरून सारी पुडी साडेवीस ग्रॅमची. नवे औषध सापडले नव्हते. होते तेच विरळ केले, आणि त्याने उलट्या कमी झाल्या, जुलाब कमी झाले. औषध वाढविले की गुण वाढतो, ही माझीच नव्हे, आपणां सर्वांचीच समजूत. येथे जगातील जाणत्यांनी तीस वर्षांच्या अनुभवानंतर औषध कमी केले, पाणी तेवढेच ठेवले.

मुलीने तक्त्याच्या मथळ्यावर ‘सांद्रता’ असा शब्द लिहायला सांगितला. मला माझ्या शाळेतला ‘संहती’ आठवला. संहत द्रावण आणि विरल द्रावण. हे शब्द मी परीक्षेत लिहिले होते, त्यांना गुणही मिळाले होते. परंतु संहती हा पदार्थाचा अंगचा गुण नव्हे, ते दोन गोष्टींमधले नाते आहे, हे मला कोणी सांगितले असल्यास मी ऐकले नव्हते. आजोबा तोवर काठी टेकीत गच्चीवर आले होते. त्यांना सांद्रताही ठाऊक नव्हती आणि संहतीही नव्हती. त्यांनी पेल्यांकडे पाहून विचारले, “दाटपणा मोजता होय?” तिन्ही शब्दांत तोच मला सर्वांत सोपा वाटला.

याच शहरात दोनशे वर्षांपूर्वी एक मनुष्य हाच दाटपणा मोजण्याची नोकरी करीत होता. ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो तो जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० अशी दहा वर्षे बनारसच्या टांकसाळीत कस पाहणारा अधिकारी होता. कस पाहणे म्हणजे तरी काय? सोने किती हे नव्हे, तर कितीत किती सोने आणि किती हीण. भट्टीची उष्णता मोजण्यासाठी त्याने चांदी, सोने आणि प्लॅटिनम यांची मिश्रणे पायरीपायरीने प्रमाण बदलीत तयार केली. कुठले मिश्रण वितळले आणि कुठले टिकले यावरून भट्टीचे तापमान ओळखायचे. १८२८ साली त्याने ही रीत प्रसिद्ध केली. बायजाबाईंचा घाट जवळपास त्याच सुमाराचा. आमच्या गच्चीवर पाच पेल्यांची जी ओळ होती, तशीच एक ओळ त्याच्या मेजावर धातूंच्या गोळ्यांची असेल, असे त्या सकाळी माझ्या मनात आले. आणि खाली घाटाकडे पाहताना हेही आले, की बायजाबाईंचा दगड खोटा नव्हता, हेतूही खोटा नव्हता. भार किती हे त्यांच्या कारागिरांनी पुष्कळ मोजले असेल. तो किती आणि कशा जमिनीवर, हा रकाना कोरा राहिला असावा.

मुलीची जिज्ञासा पाचव्या पेल्यावर थांबली नाही. ती खाली जाऊन तांब्याभर गंगेचे पाणी घेऊन आली. नव्वद मिलिलिटर गंगाजळात तिने दुसऱ्या पेल्यातील दहा मिलिलिटर सोडले. हिशेबाने हा पेला आणि तिसरा पेला यांची संहती एकच. प्रथम दोन्ही सारखेच गुलाबी दिसले. तासाभराने पाहतो तो तिसरा तसाच होता, आणि गंगेच्या पाण्याचा पेला पातळ चहासारखा पिवळट तपकिरी झाला होता. गुलाबी रंग नाहीसा झाला होता. मला वाटले आजोबा रागावतील. काशीत राहून गंगेची परीक्षा घेणे त्यांना रुचणार नाही. ते रागावले नाहीत. कठड्यावर बसून ते म्हणाले, “आमच्या लहानपणी पटकीच्या दिवसांत नगरपालिकेचा माणूस विहिरींत ही दवा टाकायला यायचा. टाकून लगेच जात नसे; रंग टिकतो का ते पाहत थांबायचा. उडाला तर आणखी टाकायचा. दवा मळाशी लढते, आणि लढता लढता संपते. उरली तर समजायचं, मळ संपला.”

आजोबांनी पाहिलेल्या रीतीमागे एक इतिहास आहे. विहिरींत परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार गेल्या शतकाआधीच्या शतकात, पटकीच्या साथींच्या काळी, आग्ऱ्याचा रसायनपरीक्षक हॅन्किन याने केला होता. त्याच हॅन्किनने १८९६ साली असेही प्रसिद्ध केले की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारणारे काहीतरी आहे. जंतूंना खाणारे विषाणू १९१७ साली फ्रान्समध्ये द’हेरेलने ओळखले, तेव्हा हॅन्किनच्या निरीक्षणाचा संभाव्य उलगडा झाला. म्हणजे त्याच पाण्यात तारक आहे आणि मारकही आहे. प्रश्न पुन्हा तोच, कोण किती, आणि कितीत.

रंग दोन रीतींनी नाहीसा होतो, हे मी तक्त्याखाली टीप म्हणून लिहिले. पाचव्या पेल्यात तो पसरून दिसेनासा झाला; गंगेच्या पेल्यात तो कामी आला. डोळ्यांना दोन्ही सारखेच. “हे पुस्तकात नाही,” मुलगी म्हणाली. “वहीत लिही,” आजोबा म्हणाले, “पाहिलं आहेस ना?”

संध्याकाळी मी एकटाच घाटावर उतरलो. कार्तिकातच, याच नगरीत, एकनाथांनी आपले भागवत पुरे केले असे सांगतात. परंतु मला नाथांची दुसरीच गोष्ट आठवत होती, जी आपल्याकडे प्रत्येक मुलाने आजीकडून ऐकलेली असते. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात ओतली. लहानपणी मला या गोष्टीत नाथांची भूतदया तेवढी दिसे. त्या संध्याकाळी तिच्यातले शहाणपण दिसले. त्या जिवाला तीर्थ नको होते, त्याला पाणी हवे होते. आणि नाथांनी त्याच्या अंगावर चार पवित्र थेंब शिंपडले नाहीत, भरपूर पाणी दिले. माझा मुलगा रात्री एक वाजता पाणी मागत होता. मी त्याला औषध देत होतो.

घरी आलो तेव्हा पत्नी तक्ता वाचीत होती. ‘पाणी किती’ हा रकाना मी शाईने पुन्हा आखला होता आणि त्यात पाच वेळा शंभर लिहिले होते.

“हे शंभर शंभर पुन्हा पुन्हा कशाला लिहिलंत?” तिने विचारले.

“लिहावं लागतं,” मी म्हणालो. मग थोडे थांबून म्हणालो, “त्या रात्री मी डॉक्टरांशी खोटं बोललो.”

“ठाऊक आहे. मी तिथंच होते.” तिने कागदाची घडी घातली. “पण त्याआधी मी तुम्हांला विचारलं होतं, पाणी किती घालायचं. ते आठवतं का?”

“आठवतं.”

ती काही बोलली नाही. सिरिंजच्या तोंडाशी अजून थोडा जांभळा डाग राहिला होता. तिने ती नळाखाली धरली, पाणी ओढले आणि सोडले. पुन्हा ओढले आणि सोडले. चौथ्या वेळी पाणी स्वच्छ आले. तिने आणखी दोनदा धुतले आणि मग ती कपाटात ठेवली, पुढल्या पावसाळ्यासाठी. तिच्याशेजारी आता एक लिटरचे मापाचे भांडेही आहे.